‘अतिवृष्टी’ झाली की नाही? शब्दावरून पेटलेल्या भांडणाबद्दल

पारोळा तालुक्यातल्या एका गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्या भाऊंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. रात्री जोराचा पाऊस झाला, नाल्याकाठची कपाशी पाण्यात गेली. सकाळी गावातल्या निवृत्त गुरुजींनी ग्रुपवर टाकलं, ‘आपल्या मंडळात अतिवृष्टी झालेली नाही.’ (मंडळ म्हणजे महसूल खात्यानं एकत्र धरलेली काही गावं.) ज्याच्या शेतात कमरेएवढं पाणी होतं आणि मोटारही वाहून गेली होती, त्या तरुणानं उत्तर दिलं, ‘गुरुजी, तुम्ही सरकारचे की गावाचे?’ मग दोन दिवस ‘अतिवृष्टी म्हणजे काय’ यावर शंभरेक मेसेज पडले. कोणी शब्दकोशाचा फोटो टाकला, कोणी ‘अति’ या उपसर्गावर व्याख्यान दिलं, कोणी गुरुजींची जुनी उणीदुणी काढली. गुरुजी ग्रुप सोडून गेले. भाऊ विचारतात, शब्दाच्या अर्थावरून होणारी ही भांडणं थांबवायची कशी?

भाऊ, मी जळगाव जिल्ह्यात एकतीस वर्षं दिवाणी वकिली केली. बांध, वाट, विहीर, वाटणी. माझं पोट शब्दांच्या अर्थावरच भरलं, त्यामुळे या रोगाचा मी वैद्यही आहे आणि रोगीही. तुमच्या अतिवृष्टीकडे येतो, पण आधी एक विहीर सांगतो.

दोन सख्खे भाऊ, विहीर सामाईक. वाटणीपत्रात वडिलांनी लिहून ठेवलेलं, ‘प्रत्येकाने दर आठ दिवसांनी पाळीप्रमाणे पाणी घ्यावे.’ थोरला रविवार ते मंगळवार भरायचा, धाकटा बुधवार ते शुक्रवार. शनिवारी विहीर भरू द्यायची. अकरा वर्षं असं चाललं. एक दिवस धाकटा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘साहेब, कागदात आठ दिवस लिहिलंय. आम्ही सात दिवसांनी भरतोय. रविवारपासून आठ दिवस मोजले की सोमवार येतो.’

मराठीत ‘आठ दिवसांनी’ म्हणजे आठवड्यानं, हे शेंबडं पोरही सांगेल. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणतो तेव्हा आपण चौदाच मोजतो. पण गणितानं पाहिलं तर धाकट्याचं चूक म्हणता येत नाही. कायद्यालाही दिवस कसे मोजायचे हे लिहून ठेवावं लागलं आहे. १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाचं नववं कलम त्यासाठीच आहे: ‘अमुक दिवसापासून’ म्हटलं की तो पहिला दिवस धरायचा नाही. मी दोन्ही बाजूंचा युक्तिवाद मनातल्या मनात करून पाहिला. खटला दहा वर्षं सहज चालला असता आणि तिघांपैकी फायदा एकट्या माझा झाला असता.

कोणत्या देवानं बुद्धी दिली कोण जाणे, मी त्याला एवढंच विचारलं, ‘आठ धरले तर तुझ्या शेतात उद्या काय बदलेल?’ तो जरा वेळ गप्प बसला. मग बोलला. त्यांच्या फीडरला आठवड्यातले काही वार दिवसा वीज असायची, काही वार रात्री. याचे तिन्ही वार रात्रीचे. हिवाळ्यात, पायाखाली साप-विंचू असताना, बॅटरी तोंडात धरून हा पाणी भरत होता आणि थोरला भर उन्हात, रुमाल बांधून. आठ दिवसांचं चक्र धरलं की पाळीचे वार दर खेपेला एकेक दिवस पुढे सरकतात, म्हणजे रात्रीचे वार दोघांच्या वाट्याला येतात. एवढं सगळं त्या ‘आठ’ या अंकात दडलेलं होतं. ‘भाऊ, मला रात्रीची भीती वाटते’ हे त्याला थोरल्यासमोर म्हणवत नव्हतं, म्हणून तो ‘आठ म्हणजे आठ’ म्हणत होता.

माझ्या ओसरीवर दोघांना बसवलं. महिन्याआड पाळी बदलायची ठरली, कागदावर वारांची नावं लिहिली. ‘आठ’ हा शब्द खोडून टाकला.

शब्दाच्या भांडणात मी तेव्हापासून हाच प्रश्न आधी विचारतो: तुझा अर्थ मान्य केला तर उद्या सकाळी काय बदलेल? काहीच बदलणार नसेल तर शब्द समोरच्याला देऊन टाकावा. पैसा, पाणी, वाट, अब्रू यांपैकी काही बदलणार असेल तर शब्द बाजूला ठेवून थेट त्याबद्दल बोलावं.

आता, सगळीच भांडणं अशी खोल नसतात. कितीतरी वेळा माणसं खरोखरच वेगळी भाषा बोलत असतात आणि दोघांनाही वाटतं की आपण मराठीच बोलतोय. आमच्या घरचाच किस्सा. माझ्या पुतण्यानं पुण्याच्या काकूंना मेसेज केला, ‘रविवारी आम्ही तुमच्याकडे येऊन राहिलो.’ आपल्याकडे ‘येऊन राहिलो’ म्हणजे येतोय. ‘काय करून राहिला?’ म्हणजे काय करतोयस. काकूंनी वाचलं की ही चार माणसं मुक्कामाला येताहेत. त्यांच्या घरी तेव्हा परीक्षा चालू होत्या. त्यांनी सरळ मनानं लिहिलं, ‘या वेळी राहायची सोय होणार नाही.’ पुतण्या तासाभरासाठी पत्रिका द्यायला जाणार होता. त्याला ते असं लागलं की पत्रिका कुरियरनं गेली. पुढचे सहा महिने दोन्ही घरं एकमेकांना ‘माणुसकी’ या शब्दाचा अर्थ शिकवत होती.

‘वावर’चंही तेच. आपल्याकडे वावर म्हणजे शेत. वन खात्याच्या फलकावर ‘या परिसरात बिबट्याचा वावर आहे’ असं वाचून आमच्या गावातल्या एका आजोबांनी विचारलं होतं, ‘त्याच्या नावावर सातबारा कधी झाला?’ आजोबा विनोद करत होते की खरंच विचारत होते, हे अजून ठरलेलं नाही. समोर असते तर डोळ्यांवरून कळलं असतं. मोबाइलवर डोळे दिसत नाहीत, खाकरणं ऐकू येत नाही. अहिराणीत लाडानं घातलेली शिवी तिथे नुसती शिवी म्हणून उतरते. त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय. एम, ए, एल, ए ही चार अक्षरं मला, मळा, माळा आणि माला अशी चार प्रकारे वाचता येतात. ‘मळा विकायचा आहे’ असं एकानं लिहिलं, दुसऱ्यानं ‘मला विकायचा आहे’ असं वाचलं, आणि काय विकायचंय म्हणून त्याचा बैल बघायला माणूस दारात हजर.

धंद्याचे शब्द याहून महाग पडतात. कापसाचं घ्या. कोणी तरी बातमी पुढे ढकलतो, ‘कापूस साठ हजारांवर.’ शेतकरी मोबाइलवर हिशोब करतो. खंडी ३५६ किलोची, म्हणजे क्विंटलला सोळा हजार आठशे. इकडे व्यापारी देतोय साडेसात. लूट! दरोडा! मग ‘लूट’ शब्द योग्य की अयोग्य यावर दोन दिवस. खरी गोष्ट अशी की तो भाव रुईच्या खंडीचा असतो, सरकी म्हणजे बी काढलेल्या कापसाचा. साठ हजाराला खंडी म्हणजे रुई किलोला साधारण १६८ रुपये. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे ५,७०० च्या आसपास. उरलेली बहुतेक सरकी. ती तीस रुपये किलो धरली तर आणखी १,९०० येतात. साडेसात हजारांच्या वर थोडं काही, त्यातून जिनिंग, प्रेसिंग, वाहतूक जायची. मग व्यापाऱ्यानं काटा मारला का, ओल जास्त दाखवली का, पैसे पंधरा दिवस अडकवले का, हे जरूर विचारा, तिथे लूट सापडेलही. पण साठ हजार आणि साडेसात हजार यांच्यामध्ये ती नाही. ‘कापूस’ हा एकच शब्द वेचलेल्या कापसालाही वापरतात आणि रुईलाही, सगळा घोळ त्यातून. ‘रुई की सरकीसकट?’ एवढं विचारलं असतं तरी दोन दिवस वाचले असते. केळीतला कांदेबाग तसाच. कांदेबागेत कांदा नसतो, ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराची लागवड, हे रावेर-यावलच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्या कृषी पदवीधरानं मात्र एकदा आंतरपीक कुठाय म्हणून विचारलं होतं, आणि त्याला हसण्यात आपल्या लोकांनी अख्खी सभा घालवली.

हे सगळे गैरसमज. यांत कोणी लबाड नसतं. छल वेगळा.

छल हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याची व्याख्या आहे: समोरच्यानं ज्या अर्थानं बोललं त्याहून वेगळा अर्थ लावून त्याचं म्हणणं पाडणं. वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण मराठीतही जसंच्या तसं चालतं. कोणी म्हणालं, ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. छल करणारा म्हणतो, ‘नऊ कांबळी कुठायत? एकच तर दिसतंय.’ दुसरं उदाहरण तर आपल्या शेतातलं आहे. ‘मंच ओरडताहेत.’ ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला माळा बांधतो ना, तोच हा मंच. बोलणाऱ्याला म्हणायचंय माळ्यावरची माणसं ओरडताहेत. छल करणारा म्हणतो, ‘लाकडं कधी ओरडतात का?’ दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लोक हेच करत होते. नेट पॅकची तेव्हा गरज पडत नव्हती.

त्याच शास्त्रात वितंडा आहे. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याचं खोडायचं. प्रत्येक ग्रुपवर असा एक असतो. ‘पुरावा द्या’, ‘व्याख्या सांगा’, ‘सगळेच म्हणजे कोण?’ हे सगळं विचारतो, पण ‘तुमचं काय मत?’ म्हटलं की दोन निळ्या टिकांपलीकडे काही येत नाही.

गैरसमज झालेला माणूस आणि छल करणारा माणूस यांचा पहिला मेसेज अगदी सारखा असतो, फरक दुसऱ्या मेसेजमध्ये दिसतो. आपण एकदा स्पष्ट सांगायचं, ‘मला असं म्हणायचं होतं.’ गैरसमज झालेला म्हणतो, ‘असं होय!’ भलेही कुरकुरत म्हणेल, पण पुढे त्या अर्थाशी वाद घालतो. छल करणारा तुमच्या खुलाशाला हात लावत नाही, जुन्या शब्दालाच लटकून राहतो: ‘पण तुम्ही लिहिलंय तर असं!’ स्क्रीनशॉट याच्याकडे तयार असतो. मी खुलासा एकदाच करतो. दुसऱ्यांदा नाही, कारण दुसरा खुलासा त्याला नवा कच्चा माल पुरवतो.

ओळखता येतं ते मी स्वतः केलंय म्हणून. वकिलीची पहिली पाच-सात वर्षं. एका जुन्या दस्तात लिहिलं होतं, ‘बांधावरून जाण्यायेण्यास वाट आहे.’ माझ्या पक्षकारानं बांधाच्या तोंडाशी काटेरी झुडपं टाकून बैलगाडी अडवली. प्रकरण १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांपुढे गेलं. मी उभा राहून सांगितलं, ‘वाट’ म्हणजे पायवाट. गाडीसाठी ‘गाडवाट’ असा वेगळा शब्द मराठीत आहे, तो इथे वापरलेला नाही. ऐकायला झकास वाटतं. आम्ही जिंकलो. तो दस्त ज्यानं लिहिला त्याच्या डोळ्यापुढे बैलगाडीच होती, हे मला ठाऊक होतं, तहसीलदारांनाही बहुधा ठाऊक होतं. त्या हंगामात समोरच्या घरातल्या बायकांनी कापसाची गाठोडी डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहिली. मी त्या बाजूनं मोटारसायकलवर जात असे. पुढे त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणीचा अर्ज केला आणि वाट गाडीसकट मोकळी झाली. मला हरल्याचं वाईट वाटलं नाही, तेवढंच.

म्हणून कोणी शब्दकोश उघडून बसला की मी सावध होतो. शब्दकोश वाईट नाही. पण शब्दाचा अर्थ लोक तो कुठे, कशासाठी वापरतात यावर ठरतो. सर्वोच्च न्यायालयाला १९६१ मध्ये ठरवावं लागलं की विड्याचं पान ही भाजी आहे का. प्रकरण आपल्या शेजारच्या अकोल्याचं. भाजीला विक्रीकर माफ होता आणि पानाच्या व्यापाऱ्याचं म्हणणं, पान वेलीला येतं, वनस्पती आहे, म्हणजे भाजीच. न्यायालयानं सांगितलं की वनस्पतिशास्त्राचा अर्थ धरायचा नाही. बाजारात रोजच्या बोलण्यात लोक ज्याला भाजी म्हणतात ती भाजी, आणि पान त्यात बसत नाही. बायकोनं ‘येताना भाजी आणा’ म्हटल्यावर जो विड्याची पानं घेऊन घरी जाईल, त्याला हा निकाल घरीच मिळेल.

व्युत्पत्तीचा हट्ट हा शब्दकोशाचा थोरला भाऊ. खानदेश की खान्देश की कान्हदेश, यावर आपल्याकडे दर दिवाळीला एकदा रण पेटतं. फारुकी सुलतानांच्या ‘खान’ किताबावरून नाव आलं म्हणणारे एका बाजूला, कान्हा म्हणजे कृष्णावरून म्हणणारे दुसऱ्या. भांडा बापडे. पण अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून या मुलखाचं नाव ‘दानदेश’ ठेवलं होतं, ते कुणाच्या तोंडी राहिलं? बादशहाचा हुकूम होता, व्युत्पत्ती शंभर टक्के पक्की होती, तरी लोकांनी खानदेशच म्हटलं. शब्द कुठून आला हे कळलं म्हणजे तो आज काय सांगतो हे कळतंच असं नाही. मराठीचा व्युत्पत्तिकोश करणारे कृ. पां. कुलकर्णी १९५२ साली अमळनेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. व्युत्पत्तीची हौस आपल्या मातीला तशी जुनीच म्हणायची.

आता तुमची अतिवृष्टी. अकोल्याचा न्याय इथे लावाल तर फसाल, कारण हा शब्द सरकार दरबारी मोजून ठेवलेला आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. गुरुजी त्या अर्थानं बोलत होते. मंडळाच्या पर्जन्यमापकावर आकडा कमी आला असणार. त्या पोराची कपाशी पाण्याखाली होती आणि त्याच्या तोंडी अतिवृष्टी म्हणजे अति झालेली वृष्टी. दोघंही खरं बोलत होते. ‘उद्या काय बदलेल’ हे विचारलं की खरा मुद्दा लगेच वर येतो: पंचनामा होणार की नाही, मदत मिळणार की नाही. गुरुजींना तो नकोय असं कुठे आहे? त्यांनी फक्त आकडा सांगितला, आणि कपाशी बुडालेल्या माणसाला सकाळी सात वाजता नुसता आकडा सांगणं ही त्यांची चूक, शब्दाची नाही.

तेव्हा ‘अतिवृष्टी’वर आणखी एकही मेसेज नको. त्याऐवजी पुढच्या गोष्टी बघा. पर्जन्यमापक तुमच्या शिवारापासून किती लांब आहे? पाऊस कोणत्या वेळी पडला? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असतो. पहाटे सुरू होऊन दहाला थांबलेला पाऊस दोन दिवसांत विभागला जातो आणि दोन्ही आकडे ६५ च्या खाली दिसू शकतात. आधीच्या आठवड्यात रोज पडत होता का? ‘सततचा पाऊस’ हीही आपत्ती धरायची असं राज्य सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं आहे, म्हणजे जिथे एक शब्द चालत नाही तिथे दुसरा चालू शकतो. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर तसं अर्जात लिहा, मदतीच्या निकषात तो आकडा आहे. विमा काढला असेल तर शेतात पाणी साचल्याची भरपाई त्यात आहे का आणि सूचना किती तासांत द्यायची, हे लगेच विचारून घ्या; २०२५ च्या खरिपाआधी ही सूचना ७२ तासांत द्यावी लागायची. तुमच्या ग्रुपनं ४८ तास व्याख्येवर घालवले, हे मात्र मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

अर्जात विशेषणं नकोत. ‘प्रचंड’, ‘भयंकर’, ‘न भूतो’ हे शब्द वाचून साहेब खाली काय आहे ते वाचत नाही. गट नंबर, क्षेत्र, पीक, पाणी किती तास उभं होतं, मोटार किती एचपीची. फोटो काढताना मागे ओळखीचं झाड किंवा खांब येऊ द्या.

आणि गुरुजींना ग्रुपवर परत जोडण्याआधी फोन करा, मेसेज नको. त्याहून बरं म्हणजे संध्याकाळी त्या पोराला बरोबर घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. तो माफी मागणार नाही, मागायला सांगूही नका. पावसाचे आकडे वर्षानुवर्षं वहीत लिहून ठेवणारा माणूस बहुधा गुरुजींसारखाच असतो, ती वही मागा. अर्ज गुरुजींच्या अक्षरात होऊ द्या, खाली पहिली सही त्या पोराची.